सांदीकोपऱ्यातला अंधार: अँबियंट ऑक्लूजनचे योग्य तंत्र कसे निवडावे

बेळगावात पाऊस एकदा बसला की आभाळ इतके दाटून येते की पुढे कित्येक दिवस सूर्य दिसत नाही आणि सावल्याही जवळपास नाहीशा होतात. अंगणातल्या तुळशीवृंदावनाची सावली जमिनीवर पडत नाही, पण वृंदावन जमिनीला जिथे टेकते तिथे एक मऊ काळोखी असतेच. कौलारू घराच्या वळचणीखाली, भिंतीतल्या देवळीत, जोते आणि पायरी यांच्या सांध्यात उजेड कमी भासतो, कारण त्या जागेवरून आभाळाचा जेवढा तुकडा दिसतो तेवढाच उजेड तिथे पोहोचतो. संगणकीय चित्रणात या हिशोबाला अँबियंट ऑक्लूजन म्हणतात. पुढे मी त्याला एओ असेच म्हणेन.

मी बेळगावात जुन्या वास्तूंची त्रिमितीय चित्रणे करतो आणि उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी ब्राउझरमध्ये फिरवून पाहता येतील अशी कास्टिंगची (ओतीव भागांची) मॉडेलेही बनवतो. या दोन्ही कामांत एओ लागते, पण दोन्हीकडे एकच तंत्र चालत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी मुले बहुधा पहिलाच प्रश्न विचारतात की सगळ्यांत नवे तंत्र कोणते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: दृश्यात काय हलते, आणि उजेड अडवणाऱ्या वस्तू किती मोठ्या आहेत. या दोन गोष्टी नीट कळल्या की तंत्राची निवड जवळपास झालेलीच असते, म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १: एओ काय मोजते आणि ते कुठे लावायचे

पृष्ठभागावरच्या एका बिंदूभोवती, लंब दिशेकडे तोंड केलेला अर्धगोल कल्पावा. त्यातल्या किती दिशा मोकळ्या आहेत याचे ० ते १ या दरम्यानचे माप म्हणजे एओ. १ म्हणजे आभाळ पूर्ण मोकळे आणि ० म्हणजे पूर्ण झाकलेले. सगळ्या दिशांना सारखे वजन नसते. लंब दिशेने येणारा उजेड पृष्ठभागाला अधिक उजळतो आणि घासून येणारा कमी उजळतो, म्हणून प्रत्येक दिशेला तिच्या लंबाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनइतके वजन देतात. यात आभाळ सगळीकडे सारखेच उजळ आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दाटलेले आभाळ तसे नसते. ढगाळ आकाशाच्या प्रमाणित आंतरराष्ट्रीय नमुन्यात माथ्यावरची उजळता क्षितिजाच्या तिप्पट धरली आहे. एओ हा अंदाज आहे, आणि त्याचा वापर अंदाज म्हणूनच करायचा असतो.

ही कल्पना १९९८ मध्ये झुकोव, इयोनेस आणि क्रोनिन यांनी मांडली. त्यानंतर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये चित्रपटांच्या रेंडरिंगसाठी (मॉडेलवरून चित्र तयार करण्यासाठी) ती रुळली, आणि त्या कामाबद्दल हेडन लँडिस, केन मॅकगॉ आणि हिल्मर कोख यांना २०१० मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

सर्वांत जास्त चुका एओ कुठे लावायचे यात होतात. एओ केवळ अप्रत्यक्ष उजेडाला, म्हणजे आभाळातून किंवा आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून येणाऱ्या उजेडालाच गुणायचे असते. सूर्याचा किंवा दिव्याचा थेट उजेड जिथे पोहोचतो तिथे एओने काळे करणे चुकीचे आहे, कारण त्या उजेडाचा अडथळा सावलीच्या हिशोबात आधीच धरलेला असतो. तयार झालेल्या संपूर्ण चित्रावर शेवटी एओचा थर गुणण्याची सवय अनेकांना असते. त्यामुळे भर उन्हातल्या पायरीच्या कडेलाही काजळी फासल्यासारखी दिसते आणि दगड मळकट वाटू लागतो. त्रिमितीय मॉडेलांच्या जीएलटीएफ या फाइलप्रकाराच्या नियमांतही ऑक्लूजनचे टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची प्रतिमा) अप्रत्यक्ष उजेडापुरतेच लागू केले आहे. याच कारणाने थ्री-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्ये दाखवणाऱ्या लायब्ररीत) फक्त एकाच दिशेने थेट उजेड टाकणारा दिवा ठेवून एओचा नकाशा, म्हणजे हेच टेक्स्चर, लावला तर काहीच फरक दिसत नाही, आणि नवशिका मुलगा तासभर फाइलमध्ये दोष शोधत बसतो. दृश्यात आभाळाचा किंवा परिसराचा उजेड घातला की नकाशा लगेच दिसू लागतो.

पायरी २: दृश्याची ओळख करून घेणे

कागद घेऊन आपल्या दृश्यातल्या वस्तू तीन गटांत लिहाव्यात: कधीच न हलणाऱ्या, जागेवरून हलणाऱ्या पण आकार न बदलणाऱ्या, आणि आकार बदलणाऱ्या. त्यानंतर प्रत्येक गटापुढे उजेड अडवणाऱ्या भागाचे माप लिहावे. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण पुढचे कित्येक दिवस वाचवते.

माझ्या कामातली तीन दृश्ये उदाहरण म्हणून घेतो. पहिले दृश्य बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे. इ.स. १२०४ मध्ये, रट्ट राजवटीत बांधलेल्या या जैन मंदिराच्या छतातून ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ खाली उतरते, आणि मंडपातले घोटीव खांब एकावर एक वर्तुळाकार खाचांनी घडवलेले आहेत. इथे काहीही हलत नाही. अडथळ्यांची मापे मात्र पाकळीच्या खाचेच्या एखाद्या सेंटिमीटरपासून अख्ख्या मंडपापर्यंत जातात. दुसरे दृश्य खानापूरकडच्या कौलारू घराचे: जांभ्या दगडाच्या भिंती, खोल पडवी, आणि त्यातून चालणारी माणसे. घर स्थिर असले तरी माणसे हलतात. तिसरे दृश्य पंपाच्या बॉडीचे कास्टिंग. ते एकटेच पोकळीत तरंगते, पण पाहणारा ते फिरवतो, त्याचा छेद घेऊन आतला बोअर (गोल पोकळी) पाहतो, आणि झाकण उघडून बाजूला ठेवतो.

यासोबत हे दृश्य कुठे चालणार तेही लिहावे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० हवी असतील तर ३३.३, आणि डोळ्यांवर लावायच्या व्हीआर चष्म्याला ९० लागली तर केवळ ११.१. या वेळेत सगळेच काम उरकायचे असते, त्यामुळे एओच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडाच येतो. आणि शेवटचा परिणाम एखादे स्थिर चित्र असेल, जे पाथ ट्रेसिंगने (उजेडाचे किरण कसे उसळतात ते मोजणाऱ्या पद्धतीने) रात्रभर रेंडर करायचे आहे, तर एओची गरजच नाही. पाथ ट्रेसिंग उजेडाचा अडथळा स्वतःच मोजते. त्यावर वेगळे एओ गुणले तर एकच काळोख दोनदा मोजला जातो.

पायरी ३: जे हलत नाही ते आधीच बेक करावे

कमल बस्तीसाठी माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: एओ बेक करावे, म्हणजे एकदाच नीट मोजून टेक्स्चरमध्ये साठवून ठेवावे. पाहणाऱ्याच्या यंत्रावर नंतर एक टेक्स्चर वाचण्यापलीकडे काही खर्च पडत नाही, कॅमेऱ्याबाहेरचा किंवा खांबाआड दडलेला अडथळाही बरोबर मोजला जातो, आणि चित्रात कुठलीही थरथर येत नाही. साध्या मोबाइलवर चालवायचे असेल तर हाच मार्ग बहुधा योग्य ठरतो.

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये हे काम सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये होते. प्रथम मॉडेलला दुसरा यूव्ही नकाशा (पृष्ठभाग उलगडून प्रतिमेवर मांडलेला आराखडा) द्यावा, ज्यात कोणतेही दोन तुकडे एकमेकांवर येणार नाहीत. पहिल्या नकाशात दगडाचा पोत पुन्हापुन्हा वापरण्यासाठी तुकडे एकावर एक ठेवलेले असतात. तोच नकाशा एओसाठी वापरला तर एका कोपऱ्याचा काळोख भलत्याच भिंतीवर उमटतो. मग मटेरियलमध्ये रिकाम्या प्रतिमेचा इमेज टेक्स्चर नोड घालून तो निवडलेला ठेवावा, प्रतिमेची रंगपद्धत नॉन-कलर करावी, बेकचा प्रकार अँबियंट ऑक्लूजन निवडावा, आणि तुकड्यांच्या कडेला १६ पिक्सेलची किनार ठेवावी. किनार कमी पडली की लांबून पाहताना यूव्हीच्या शिवणी काळ्या किंवा पांढऱ्या रेघा होऊन दिसतात.

टेक्स्चर किती मोठे घ्यायचे याचा हिशोब सोपा आहे. एका सेंटिमीटरला एक टेक्सेल (टेक्स्चरचा एक ठिपका) धरला तर २०४८ चे टेक्स्चर २०.४८ मीटर बाजूच्या चौरसाइतका पृष्ठभाग झाकते. जमीन आणि भिंती यांना तेवढे पुरते. कमळाच्या पाकळ्यांना मात्र दोन-तीन मिलिमीटरला एक टेक्सेल हवा, म्हणून कमळाचे वेगळे टेक्स्चर करावे आणि साऱ्या मंदिराला एकच प्रचंड टेक्स्चर देण्याचा मोह टाळावा. आठ बिटांचे, एकाच चॅनेलचे, न दाबलेले २०४८ चे टेक्स्चर ४ एमबी जागा घेते आणि ४०९६ चे १६ एमबी. मोबाइलवर हा फरक जाणवतो.

अंतराची मर्यादा हा बेकिंगमधला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आहे. किरण किती लांब जाऊन अडथळा शोधणार हे त्यावर ठरते. चारी बाजूंनी बंद खोलीत मर्यादा फार मोठी ठेवली तर प्रत्येक किरण कुठल्या ना कुठल्या भिंतीला लागतो आणि सारी खोली काळी होते. बंद गाभाऱ्याला मी खोलीच्या लहान बाजूच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी मर्यादा ठेवतो, आणि उघड्या मंडपाला त्याच्या उंचीच्या दुपटीइतकी. दुप्पटच का, ते पुढच्या एका पायरीत भिंतीच्या हिशोबातून दिसेल.

खांबांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते आणि तिच्याबद्दल फारसे कुणी सांगत नाही. मंडपातले सारखे दिसणारे खांब आपण एकच मॉडेल वारंवार वापरून उभे करतो, त्यामुळे त्यांचा यूव्ही नकाशा आणि टेक्स्चरही एकच असते. पण भिंतीलगतच्या खांबाला एका बाजूने आभाळ दिसत नाही आणि दर्शनी खांबाला दिसते. म्हणजे एओ प्रत्येकाचे वेगळे. यावर मी काम दोन थरांत विभागतो. खांबाच्या स्वतःच्या खाचांचे एओ, सुमारे १० सेंटिमीटरच्या मर्यादेने, एकदाच बेक करून सगळ्या खांबांना देतो. मंडपामुळे पडणारा मोठा, मऊ काळोख प्रत्येक खांबाच्या शिरोबिंदूंच्या (मॉडेलच्या जाळीतल्या बिंदूंच्या) रंगांत साठवतो, कारण तो इतका सावकाश बदलतो की विरळ शिरोबिंदूही त्याला पुरतात. शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) दोन्ही मूल्ये गुणावीत. तत्त्वतः गुणाकार तंतोतंत बरोबर नाही, पण लहान खाच आणि मोठा मंडप यांची मापे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की डोळ्याला फरक दिसत नाही.

फाइल बाहेर काढताना जीएलटीएफमध्ये एओ लाल चॅनेलमध्ये, खडबडीतपणा हिरव्यात आणि धातूपणा निळ्यात भरावा, म्हणजे तिन्ही एकाच टेक्स्चरमध्ये मावतात. ब्लेंडरच्या निर्यातीला एओ आपोआप समजत नाही. जीएलटीएफ मटेरियल आउटपुट या नावाचा नोडगट घालून त्याच्या ऑक्लूजन या इनपुटला प्रतिमा जोडावी लागते.

पायरी ४: हलणाऱ्या वस्तूंसाठी पडद्यावरचे एओ

खानापूरच्या घरात माणूस पडवीतून चालला की त्याच्या पायांखाली काळोखी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे, नाहीतर तो जमिनीवर तरंगतो आहे असे वाटते. हे बेक करता येत नाही. इथे पडद्यावरचे एओ लागते. रेंडर झालेल्या चित्राच्या प्रत्येक पिक्सेलची खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, डेप्थ बफर या साठ्यात असते. तिच्याकडे पाहून आजूबाजूच्या पिक्सेलांपैकी कोण पुढे आले आहे आणि उजेड अडवते आहे, याचा अंदाज बांधतात.

२००७ मध्ये क्रायटेक या कंपनीने क्रायसिस या खेळात हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणले. त्या पहिल्या पद्धतीत पिक्सेलभोवतीच्या पूर्ण गोलात सॅम्पल (तपासणीचे बिंदू) टाकत. सपाट भिंतीवरही अर्धे सॅम्पल भिंतीच्या आत जात, म्हणून सपाट पृष्ठभाग करडा दिसे आणि बाहेर आलेल्या कडा उगाच उजळ होत. पुढे नॉर्मलकडच्या (पृष्ठभागाच्या लंब दिशेकडच्या) अर्धगोलातच सॅम्पल टाकू लागले. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या बावॉइल, सेन्झ आणि दिमित्रोव्ह यांनी एचबीएओ हे तंत्र मांडले, ज्यात प्रत्येक दिशेने चालत जाऊन क्षितिज किती उंच आहे ते शोधतात. पश्चिमेकडे पाहताना सह्याद्रीच्या रांगेने आभाळ कुठपर्यंत झाकले आहे ते पाहावे, तसाच हा हिशोब आहे. २०१२ च्या एसएओ या तंत्राने खोलीच्या चित्राच्या लहान-लहान प्रती करून लांबचे सॅम्पल स्वस्त केले. २०१६ मध्ये हिमेनेझ आणि सहकाऱ्यांनी जीटीएओ आणले, ज्यात क्षितिजाची कल्पना तीच आहे, पण कोसाइनचे वजन गणिताने नेमके धरले आहे. त्यामुळे उत्तर प्रत्यक्ष किरण टाकून मोजलेल्या उत्तराच्या पुष्कळ जवळ येते.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने जीटीएओ घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. इंटेलने एक्सईजीटीएओ या नावाने त्याचा खुला कोड दिला आहे, युनिटी या गेम इंजिनच्या एचडीआरपी या रेंडरिंग व्यवस्थेत ते अंगभूत आहे आणि थ्री-जेएसमध्येही त्याचा तयार पास (रेंडरिंगचा टप्पा) मिळतो. गोडो ४ या गेम इंजिनमध्ये इंटेलच्याच एएसएसएओवर आधारलेले तंत्र आहे. लहान त्रिज्येसाठी तेही चांगले काम करते. अपवाद एकच: दृश्यात खिडकीचे गज, बांबू, तोरणे, तारा अशा बारीक वस्तू पुष्कळ असतील तर क्षितिजाची कल्पनाच अपुरी पडते, कारण गजामागून येणारा उजेड ती धरत नाही आणि एक बारीक गज मागच्या भिंतीवर जाड काळा पट्टा उमटवतो. २०२३ मध्ये मांडलेल्या व्हिजिबिलिटी बिटमास्क पद्धतीत क्षितिजाचा एकच कोन न ठेवता अर्धवर्तुळाचे ३२ सारखे भाग करतात, आणि प्रत्येक अडथळ्याने झाकलेले भाग एकेका बिटाने नोंदवतात. वस्तूला ठरावीक जाडी देता येत असल्याने तिच्या मागची जागा मोकळी राहते. पडवीच्या लाकडी गजांसाठी मला याच पद्धतीने समाधानकारक चित्र मिळाले.

आता त्रिज्येचा हिशोब, कारण पडद्यावरच्या एओचा खर्च आणि दर्जा दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात. त्रिज्या नेहमी मीटरमध्ये ठरवावी आणि मग पिक्सेलमध्ये आणावी. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर आणि कॅमेऱ्याच्या ६० अंशांच्या उभ्या दृश्यकोनात, एक मीटर अंतरावरचा एक मीटर म्हणजे सुमारे ९३५ पिक्सेल. म्हणून अर्धा मीटर त्रिज्या ५ मीटर अंतरावर ९४ पिक्सेल होते, ५० मीटरवर जेमतेम ९, आणि एका मीटरवर ४६८. जवळ गेल्यावर त्रिज्या इतकी फुगते की सॅम्पल विरळ होऊन चित्र दाणेदार होते आणि स्मृतीतून लांबलांबचे पिक्सेल वाचावे लागल्याने वेगही घटतो. म्हणून पिक्सेलमधल्या त्रिज्येला वरची मर्यादा घालावी आणि लांबच्या सॅम्पलसाठी खोलीच्या लहान प्रती वापराव्यात.

खर्चाची कल्पना यावी म्हणून सांगतो: १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात. प्रत्येकी १६ सॅम्पल घेतले तर एका चित्रासाठी ३ कोटी ३२ लाख वेळा खोली वाचावी लागते. लांबी-रुंदी निम्मी केली की हाच आकडा ८३ लाखांवर येतो. निम्म्या मापात मोजून नंतर पूर्ण मापात पसरवताना खोलीतला फरक पाहूनच पसरवावे, नाहीतर माणसाच्या बाह्याकृतीभोवती फिकट वलय येते. दाणे घालवण्यासाठी प्रत्येक चित्रात सॅम्पलची दिशा थोडी फिरवून मागच्या चित्रांशी सरासरी काढतात. वेगाने हलणाऱ्या वस्तूमागे काळी शेपूट राहू लागली की ही सरासरी जास्त झाली आहे असे समजावे.

डेप्थ बफरच्या अचूकतेकडे दुर्लक्ष केल्याने मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. जागा वाचवण्यासाठी रेषीय खोली १६ बिटांच्या फ्लोट (अपूर्णांकी) प्रकारात ठेवली होती. त्या प्रकारात १६ ते ३२ मीटरच्या पट्ट्यात लागोपाठच्या दोन मूल्यांतले अंतर सुमारे १.६ सेंटिमीटर असते, म्हणून लांबच्या सपाट भिंतीवर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उमटले आणि मला ते नॉर्मलचे दोष वाटले. एओसाठी खोली ३२ बिटांतच ठेवावी.

पडद्यावरच्या पद्धतीची मूळ मर्यादा मात्र कोणत्याही सेटिंगने जात नाही: जे पडद्यावर नाही ते तिला माहीत नाही. कॅमेरा फिरवताना खांब चौकटीबाहेर गेला की त्याच्यालगतची काळोखी विरून जाते. म्हणून तिला मोठी त्रिज्या देऊ नये. घराच्या दृश्यात मी पडवीचा मोठा काळोख बेक करतो आणि हलत्या माणसांसाठी ३० ते ५० सेंटिमीटरचे जीटीएओ ठेवतो. शेडरमध्ये या दोहोंतले जे मूल्य लहान असेल ते घ्यावे. इथे गुणाकार केला तर भिंतीच्या कोपऱ्याची काळोखी दोनदा मोजली जाते, कारण तो कोपरा दोन्ही पद्धतींना दिसतो.

कास्टिंगचे दृश्य याच पायरीत बसते. भाग एकटा असतो आणि पडद्यावर जवळपास पूर्ण दिसतो, छेद घेतला की नवे पृष्ठभाग तयार होतात, आणि बेक केलेले एओ तत्क्षणी खोटे ठरते. इथे जीटीएओ एकटेच पुरते. त्रिज्या भागाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी ठेवली की रिब (आधाराच्या पट्ट्या), फिलेट (गोलावलेले कोपरे) आणि बोअर स्वच्छ उठून दिसतात, आणि ड्रॉइंग वाचायची सवय नसलेल्या ग्राहकालाही भागाची खोली कळते. मात्र यंत्रभाग पाहताना समांतर प्रक्षेपणाचा (लांबचे लहान न दाखवणारा) कॅमेरा वापरतात, आणि अनेक तयार कोड पर्स्पेक्टिव्ह (लांबचे लहान दाखवणारा) कॅमेराच गृहीत धरून खोलीवरून जागा काढतात. निवड करण्यापूर्वी समांतर कॅमेऱ्यात एकदा तपासून घ्यावे.

पायरी ५: मोठे आणि हलते, दोन्ही असेल तेव्हा

काही दृश्यांत बेकिंगही चालत नाही आणि पडद्याची त्रिज्याही पुरत नाही, जसे की इमारत खेळाडूच उभारतो आणि पाडतो असा खेळ. अनरियल या गेम इंजिनमध्ये अशा वेळी डिस्टन्स फील्ड एओ वापरता येते. त्यात प्रत्येक वस्तूभोवती जवळचा पृष्ठभाग किती लांब आहे याचे त्रिमितीय कोष्टक असते, आणि त्यामुळे पडद्याबाहेरचे अडथळेही धरले जातात. बारीक नक्षी त्यात हरवते. २०१८ मध्ये डीएक्सआर (ग्राफिक्स कार्डाकडून किरण मोजून घेण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) आल्यापासून चालत्या खेळात प्रत्यक्ष किरण टाकूनही एओ मोजता येते. एओचे किरण लहान असतात आणि अडथळा लागला की तिथेच थांबतात. त्यांना रंग किंवा मटेरियल मोजावे लागत नाही, म्हणून किरणांच्या इतर कामांपेक्षा हे स्वस्त पडते. तरी एका पिक्सेलला एक-दोनच किरण परवडतात, आणि मग दाणे घालवण्याचा टप्पा अपरिहार्य होतो. ज्यांच्या प्रेक्षकांकडे तशी कार्डे नाहीत त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पायरी ६: भिंतीची परीक्षा

तंत्र निवडले, चालू केले, आणि चित्र छान दिसले, एवढ्यावर थांबू नये. सपाट जमिनीवर १ मीटर उंचीची, दोन्ही बाजूंना पुष्कळ लांब भिंत उभी करावी आणि भिंतीपासून वेगवेगळ्या अंतरांवर जमिनीचे एओ वाचावे. याचे नेमके उत्तर गणिताने निघते. भिंतीची उंची आणि भिंतीपासूनचे अंतर या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरल्या, तर अंतर भागिले कर्ण, त्यात १ मिळवून निम्मे केले की एओ मिळते. त्यानुसार भिंतीच्या अगदी पायथ्याशी ०.५०, अर्ध्या मीटरवर ०.७२, एका मीटरवर ०.८५ आणि दोन मीटरवर ०.९५ यायला हवे. उंचीच्या दुप्पट अंतरावर भिंतीचा परिणाम जेमतेम पाच टक्के उरतो, म्हणूनच उघड्या मंडपासाठी मी उंचीच्या दुपटीची मर्यादा सांगितली. जिथे दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात त्या कोपऱ्यात ०.२५ यावे.

परीक्षेपुरती त्रिज्या ३ मीटरच्या वर न्यावी, अंतरानुसार परिणाम कमी करणारी सेटिंगे बंद ठेवावीत, आणि तीव्रता किंवा घात १ वर ठेवावा. एओचे मूल्य रेषीय, म्हणजे पडद्यासाठी बदलण्याआधीचे, वाचावे. पडद्यावरच्या सामान्य प्रतिमेत रेषीय ०.५० हे २५५ पैकी १८८ आणि ०.२५ हे १३७ असे दिसते. पायथ्याशी १८८ ऐवजी ९० दिसत असेल तर तंत्राचा नव्हे, तीव्रतेच्या सेटिंगचा दोष आहे. पुष्कळ कोडमध्ये मूळ तीव्रता मुद्दाम जास्त ठेवलेली असते, कारण प्रात्यक्षिकात फरक ठळक दिसावा अशी इच्छा असते.

पायरी ७: रंगाप्रमाणे काळोखी बदलणे

एकाच मापाची देवळी चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीत असेल आणि बस्तीच्या काळ्या दगडात असेल, तर दोन्हींतला काळोख सारखा नसतो. पांढऱ्या देवळीत उजेड भिंतींवरून पुन्हापुन्हा उसळतो आणि कोपरा उजळतो. साधे एओ ही उसळी धरत नाही, म्हणून पांढऱ्या खोल्या एओने मळकट दिसतात. यावर सोपा हिशोब असा: पृष्ठभागाची परावर्तनक्षमता आणि (१ − एओ) यांचा गुणाकार १ मधून वजा करावा, आणि मूळ एओला त्या संख्येने भागावे. चुन्याच्या भिंतीची परावर्तनक्षमता ०.८ आणि एओ ०.५ असेल तर उत्तर ०.८३ येते, काळ्या दगडाची ०.१ धरली तर ०.५३. हा फरक डोळ्याला सहज दिसतो. जीटीएओच्या निबंधात याच कामासाठी रंगावर अवलंबून असणारे अधिक नेमके सूत्र दिले आहे, ते लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलला वेगवेगळे लावतात. त्यामुळे जांभ्या दगडाच्या कोपऱ्यात काळोखी किंचित तांबूस होते, आणि खानापूरकडची जुनी भिंत जवळून पाहिलेल्या माणसाला ते पटते.

शेवटची तुलना प्रत्यक्ष जागेशी करावी. दाटलेल्या आभाळाच्या दिवशी दुपारी, सूर्य अजिबात डोकावत नसताना, त्याच कोपऱ्याचे छायाचित्र रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावे. कमल बस्ती ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे, म्हणून तिथे तिपाई लावण्यापूर्वी परवानगी काढावी. चौकटीत एक करडा कागद उघड्या जागी आणि तसाच दुसरा खांबाच्या पायथ्याशी ठेवावा. रॉ फाइल रेषीय उघडून दोन कागदांच्या मूल्यांचे गुणोत्तर काढले की पायथ्याशी प्रत्यक्षात किती उजेड पोहोचतो ते कळते, आणि ते आपल्या मॉडेलमधल्या त्याच जागेच्या, उसळी धरलेल्या एओशेजारी ठेवून पाहता येते. आभाळ माथ्यावर अधिक उजळ असल्याने थोडा फरक राहीलच. आडव्या फरशीवर तो कमी असतो आणि उभ्या भिंतीवर जास्त, म्हणून कागद फरशीवर आडवेच ठेवावेत, आणि मोजणी चालू असताना आपण स्वतः कागदापासून निदान दोन-तीन मीटर लांब उभे राहावे.